'टू किल अ टायगर' पाहिल्यावर: 'मिटवून टाका' म्हणणारी माणसं

रानवाट

(कथानक सगळं उघड होणार आहे. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी बघून या, धागा कुठे पळून जात नाही.)

झारखंडमधलं खेडं. नात्यातलं लग्न, रात्रीची वेळ, तेरा वर्षांची मुलगी आणि गावातलेच तीन ओळखीचे तरुण. मुलीचा बाप बेताची शेती असलेला साधा माणूस. तो पोलिसांत जातो, तिघांना अटक होते. माहितीपट सुरू होतो तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं असतं. पुढचे दोन तास आपण बघतो ते तक्रार केल्यानंतर गाव त्या घराचं काय करतं ते.

दिग्दर्शिका निशा पाहुजा टोरांटोत राहते. ती झारखंडात गेली होती वेगळ्याच विषयासाठी. पुरुषांशी मर्दानगीबद्दल, बाईशी वागण्याबद्दल बोलणाऱ्या एका उपक्रमावर तिला चित्रपट करायचा होता. हा बाप त्या उपक्रमात येणाऱ्यांपैकी एक. मग घरात हे घडलं आणि चित्रपटाचा विषयच बदलला. २०२२ साली टोरांटोच्या महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट कॅनेडियन चित्रपट ठरला, २०२४ च्या ऑस्करला माहितीपटांत नामांकन मिळालं आणि त्याच मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर आला. मी बरेच महिने टाळत होते. बलात्कारावरचं काही बघायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. पण यात त्या रात्रीचं काहीही दाखवलेलं नाही, हे टाळणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते.

गावाचा तोडगा असा: तिघांपैकी एकाशी तिचं लग्न लावून द्या. प्रकरण मिटेल.

हे सांगणारे कोणी दात विचकणारे खलनायक नाहीत. गावातल्या बायका आहेत, निवडून आलेले लोक आहेत, वडीलधारी माणसं आहेत. कोणाचा आवाज चढलेला नाही. त्यांचं म्हणणं तुम्हीआम्ही शंभर वेळा ऐकलेलं आहे. पोरीला आता कोण करणार? पोरांची आयुष्यं बरबाद होतील. गावाचं नाव खराब होईल. उद्या याच लोकांत राहायचंय ना? या चार वाक्यांत मुलगी कुठे आहे ते शोधा. पहिल्यात ती आहे, पण तिथेही खपवायचा माल म्हणून आहे.

बघता बघता माझ्या लक्षात आलं की गावाच्या हिशेबात त्या रात्री विशेष काही बिघडलंच नव्हतं. बिघडलं ते बाप ठाण्याची पायरी चढला तेव्हा. घरातलं बाहेर नेलं, हा त्याचा अपराध. त्यानंतर गावाचा सगळा राग आरोपींवर नाही, या घरावर. धमक्या येतात, लोक वाळीत टाकल्यासारखे वागतात. एका प्रसंगात जमाव थेट चित्रण करणाऱ्यांवर उलटतो आणि कॅमेरा चालूच राहतो. त्या वेळी मी खुर्चीत ताठ बसले होते.

बाप मला फार आवडला, आणि तो सतत ताठ कण्याने उभा राहत नाही म्हणूनच आवडला. मध्येच तो डगमगतो. दारू पितो. मदत करणाऱ्या संस्थेच्या लोकांना टाळतो. कर्ज, तारखा, शेतीची कामं, बाकीची मुलं हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. हिंदी सिनेमातला बाप असता तर मध्यंतरापर्यंत कुऱ्हाड घेऊन निघाला असता. हा कोर्टाच्या तारखेला जायला निघतो. लोक त्याला म्हणाले होते, एकट्याने वाघ मारता येत नाही. तो म्हणाला, मारून दाखवतो. नाव तिथून आलंय.

आणि ती मुलगी. तिच्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही, कारण तिचं सगळं तिने स्वतःच सांगितलंय आणि माझ्यापेक्षा नीट सांगितलंय. कोर्टात जबाब द्यायचा, अनोळखी माणसांसमोर ते सगळं शब्दांत सांगायचं, हे ती ज्या शांतपणे करते ते बघताना मलाच सुचेना कुठे बघावं. तिचा चेहरा झाकलेला नाही. निर्माते तो झाकण्याच्या विचारात होते. अठरा पूर्ण झाल्यावर तिने चित्रपट पाहिला आणि ठरवलं की मला लपायचं नाही. यावर आपल्याकडे वाद झाला, दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही गेली. मला स्वतःला तिचं बरोबर वाटतं. पण तिचे फोटो इथे चिकटवू नका, नाव लिहू नका. तिने चित्रपटापुरती संमती दिलीय, आपल्या धाग्याला नाही.

तिघांना पंचवीस वर्षांची शिक्षा होते. मला आनंद झाला, पण सुटकेचा श्वास वगैरे काही आला नाही. निकालानंतर हे कुटुंब त्याच गावात, त्याच लोकांत राहणार आहे.

आपण शहरातले लोक हे बघून 'बापरे, काय ती खेडी' म्हणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ ची आकडेवारी बघा. नवऱ्याने बायकोला मारणं काही कारणांसाठी योग्यच आहे, असं मानणाऱ्या बायका ४५ टक्के आणि पुरुष ४४ टक्के. बायकांचा आकडा एकाने जास्त! हे सगळे झारखंडात राहत नाहीत. आमच्याच नात्यात एका मुलीने नवरा मारतो म्हणून माहेरी निघून आल्यावर बैठक बसली होती. बैठकीत चहा, पोहे, दोन्हीकडचे काका-मामा. प्रत्येकजण तिच्या भल्याचं बोलत होता. परत पाठवायचं ठरलं तेव्हा तिला कोणी विचारलं नाही, ती आत स्वयंपाकघरात होती.

तर धाग्याचा विषय हा. गुन्हेगारांवर बोलून झालंय, कायम बोलतो. मला 'मिटवून टाका' म्हणणाऱ्यांबद्दल ऐकायचंय. तुमच्या आसपास ते कोण म्हणतं, कधी म्हणतं, आणि त्यांना उत्तर काय देता?

---

झुळूक

सुरू केला आणि अर्ध्यात बंद केला. मला सगळ्यात राग आला तो त्या बायकांचा. एक बाई म्हणून असं कसं म्हणवतं की हिला त्याच्याच गळ्यात बांधा? पुरुषांचं मी समजू शकते (म्हणजे समजू शकत नाही, पण अपेक्षा तरी नसते).

---

कडूकारले

चित्रपट पाहिला नाही, पाहणारही नाही. तरी लिहितो, कारण असल्या धाग्यांवर सगळे एकाच सुरात गातात.

कॅनडात राहणारी दिग्दर्शिका. कार्यकारी निर्मात्यांत देव पटेल, मिंडी कॅलिंग, पुढे प्रियांका चोप्रा. भारतातली गरिबी, भारतातला बलात्कार, ऑस्कर नामांकन. २०१५ साली दिल्लीच्या निर्भया प्रकरणावरच्या बीबीसीच्या 'इंडियाज डॉटर' या माहितीपटाचं हेच झालं. सरकारने बंदी घातली तर आपलेच लोक रडले. जगात दुसरीकडे बलात्कार होत नाहीत का? त्या गावात चांगली माणसं नव्हतीच का? का ती संकलनात कापली गेली?

दुसरं, 'पितृसत्ता' म्हटलं की सरसकट सगळे पुरुष आरोपीच्या पिंजऱ्यात. माझ्या आजोबांनी सहा बहिणींची लग्नं लावली, स्वतः फाटकी पैरण घातली. त्यांना कोणती सत्ता मिळाली?

---

मेपलपान

@कडूकारले, टोरांटोतून लिहितोय. इथल्या प्रेक्षकांना भारताकडे बोट दाखवून मजा वाटते असं समजू नका. कॅनडात आदिवासी बायका-मुली वर्षानुवर्षं बेपत्ता होत होत्या, मारल्या जात होत्या आणि पोलिसांचं दुर्लक्ष होतं. त्यावरच्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल २०१९ साली आला आणि त्यात सरळ वंशसंहार हा शब्द वापरलाय. मी हा चित्रपट इथेच थिएटरात पाहिला. बाहेर पडताना शेजारच्या गोऱ्या म्हातारबाई बोलत होत्या त्या स्वतःच्या गावच्या चर्चबद्दल. भारताचा विषयही निघाला नाही.

---

रानवाट

@कडूकारले, न पाहता लिहिताय हे निदान कबूल केलंत, त्याबद्दल आभार. :)

'इंडियाज डॉटर' आणि हा यात एक मोठा फरक आहे. तिथे तिहार तुरुंगातल्या दोषीसमोर माईक धरला होता. तो निर्विकारपणे म्हणत होता की मुलीने प्रतिकार करायला नको होता. त्याच्या वकिलांची मुक्ताफळंही होती. ते ऐकायला हवं होतं की नाही यावर मतं असू शकतात. बंदी मला तेव्हाही मूर्खपणाची वाटली, कारण बंदीमुळे तो घरोघरी पोचला. पण चर्चा सगळी त्या माणसाभोवती झाली. इथे माईक मुलीच्या घराकडे आहे. आरोपींना किती वेळ मिळालाय ते मोजायला जाल तर हाती फारसं लागणार नाही.

आणि चांगली माणसं आहेत ना चित्रपटात. बाप आहे, आई आहे, त्या घराला मदत करणाऱ्या सृजन फाउंडेशनचे स्थानिक कार्यकर्ते आहेत. सगळे झारखंडचेच. ते भारतीय नाहीत का?

आजोबांबद्दल: सहा बहिणींची लग्नं लावायची जबाबदारी एकट्या आजोबांवर आली आणि सहा बहिणींपैकी एकीलाही स्वतःचं काही ठरवता आलं नाही, ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं आहेत. फाटकी पैरणही त्यातच आली. तुम्ही माझाच मुद्दा मांडलात.

@झुळूक, बायकांचा राग मलाही आला. पण त्या बायकांकडे पर्याय काय होता याचा विचार करते. ज्या गावात एकटी राहणारी बाई कोणी पाहिलेलीच नाही, तिथे 'हिचं लग्न कसं होणार' हा त्यांना पोटापाण्याचा प्रश्न वाटतो. त्या जे शिकल्या तेच शिकवतात. म्हणून त्या कमी दोषी ठरतात असं नाही. फक्त राग कुठवर न्यायचा ते कळतं.

---

वैनगंगा

धागा वाचल्यापासून एकच नाव डोक्यात घोळतंय. आमच्या भागातलं आहे म्हणून लिहिते.

२६ मार्च १९७२, देसाईगंज. आज गडचिरोली जिल्हा, तेव्हा चंद्रपूर. एक आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. तक्रारीच्या निमित्ताने घरच्यांबरोबर पोलीस ठाण्यात गेलेली. बाकीच्यांना बाहेर पाठवून दिलं आणि तिला आत थांबवून घेतलं. ठाण्यातच बलात्कार झाला. दोन पोलिसांवर खटला. कायद्याच्या पुस्तकांत 'मथुरा प्रकरण' म्हणून आहे.

१९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण काय? तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. तिने आरडाओरडा केला नाही. आणि तिला शरीरसंबंधांची 'सवय' होती असा वैद्यकीय शेरा. रात्री पोलीस ठाण्यात, पोलिसांसमोर, आदिवासी पोरीने ओरडायला हवं होतं म्हणे!

पुढच्या वर्षी चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की शरण जाणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पत्रावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या, मुंबईत १९८० साली बलात्काराविरोधात मंच उभा राहिला. फेरविचार याचिका फेटाळली गेली. कायदा मात्र १९८३ मध्ये बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईने 'संमती नव्हती' असं सांगितलं तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचं, खटला बंद दाराआड चालवायचा, पीडितेचं नाव छापायचं नाही, हे सगळं तेव्हा आलं.

म्हणजे नाव न छापण्याचा नियम जिच्यामुळे आला तिचंच नाव कायम छापलं जातं. तिला कोणी विचारलं नव्हतं. या चित्रपटातल्या मुलीला विचारलं गेलं आणि तिने स्वतः ठरवलं, हे मला रानवाट म्हणतात त्याहून मोठं वाटतं. चेहरा झाकायचा की नाही याचा निर्णय आजवर नेहमी दुसऱ्यांनीच घेतलाय.

आणखी एक. आमच्याकडे लोक या प्रकरणाबद्दल अभिमानाने बोलतात, 'कायदा बदलला आमच्या भागामुळे'. त्या बाईचं पुढे काय झालं, ती कशी जगली, याबद्दल त्याच लोकांना विचारलं की विषय बदलतो.

---

काळाकोट

जिल्हा न्यायालयात वकिली करते, पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधातल्या कायद्याची) प्रकरणं हातात असतात. 'मिटवून टाका' हा आमचा रोजचाच विषय, म्हणून जरा लांब लिहिते.

बलात्काराचा गुन्हा कायद्याने मिटवता येत नाही. तो तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीतच नाही. २०१५ साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की आरोपी लग्नाला तयार आहे वगैरे तडजोडीचा विचार शिक्षेसाठीही करायचा नाही.

आता त्याच न्यायालयातलं २०२१ चं बघा. १ मार्चला आपल्या महाराष्ट्रातल्या एका प्रकरणाची सुनावणी होती. आरोपी सरकारी वीज कंपनीतला, मुलगी गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन. मुलगी अठराची झाली की लग्न लावू असा कागद दोन्ही घरांत आधी झालेला. लग्न झालं नाही तेव्हा तक्रार झाली. सत्र न्यायालयाने अटकपूर्व जामीन दिला, औरंगाबाद खंडपीठाने तो कडक शब्दांत रद्द केला. आरोपी दिल्लीला गेला आणि तिथे सरन्यायाधीशांनी विचारलं, तिच्याशी लग्न करणार का? गदारोळ झाल्यावर त्यांनी खुलासा केला की आम्ही लग्न कर असं सांगितलं नाही, करणार आहेस का एवढंच विचारलं. नोंदींवरून विचारणं भाग होतं असं कोणी म्हणेलही. पण त्या कागदाला कचऱ्याची टोपली दाखवण्याऐवजी त्याची दखल घेतली गेली, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. त्याच महिन्यात, १८ मार्चला, याच न्यायालयाने मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा तो प्रसिद्ध आदेश रद्द केला. विनयभंगाच्या आरोपीने जामिनासाठी तिच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यावी, असा तो आदेश होता. तडजोड, लग्न, राखी असलं काही सुचवू नका, असे निर्देश खालच्या न्यायालयांना त्यात दिलेत.

मग प्रकरणं मिटतात कशी? कोर्टाबाहेर. मुलीची आई साक्षीला उभी राहते आणि म्हणते, मला काही माहीत नाही. मुलगी म्हणते, तो हा नव्हे. सरकारी वकील तिला फितूर घोषित करतात, उलटतपास घेतात आणि खटला तिथेच संपतो. मध्ये काय झालं ते कोर्टातल्या शिपायालाही माहीत असतं. कधी पैसे, कधी शेताचा बांध, कधी लहान भावाला दिलेली धमकी. पोक्सोत न्यायालयाने दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात पूर्ण करा असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा लांबतात तेवढा वेळ गावाला दबाव आणायला मिळतो. विलंब हाच मिटवून टाका म्हणणाऱ्यांचा सगळ्यात मोठा साथीदार.

चित्रपटात संस्थेचे लोक त्या घराबरोबर जे करतात, त्याला कायद्यात जागा आहे. पोक्सोच्या नियमांत बाल कल्याण समितीने मुलासाठी सहाय्यक व्यक्ती नेमायची तरतूद आहे. ती व्यक्ती पोलीस, दवाखाना, कोर्ट सगळीकडे सोबत असते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती नीट अमलात आणा म्हणून निर्देश दिले. जिथे अशी व्यक्ती पहिल्या आठवड्यात मिळते तिथे घरं टिकतात, हा माझा अनुभव.

वैनगंगा यांनी 'सवयी'चा उल्लेख केलाय. तो शेरा ज्या दोन बोटांच्या चाचणीतून यायचा ती करणं हे गैरवर्तन समजलं जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ठणकावलं. ते प्रकरणही झारखंडचंच. १९७२ ते २०२२, पन्नास वर्षं लागली.

---

कडूकारले

वकीलबाई, माहितीपूर्ण प्रतिसाद. एक सरळ प्रश्न, भांडणासाठी नाही. खोट्या केसेसचं काय? आमच्या ओळखीत एका मुलावर मुलीच्या बापाने पोक्सो लावला. दोघं पळून गेले होते, ती सतरा वर्षांची. मुलगा कित्येक महिने आत होता. त्याचं कोण बघणार?

---

काळाकोट

प्रश्न रास्त आहे. अशी प्रकरणं माझ्याकडेही येतात. पण नीट बघा, तुम्ही सांगितलेल्या प्रकरणात तक्रार कोणी केली? बापाने. का केली? मुलीने स्वतःच्या मर्जीने जोडीदार निवडला म्हणून, बहुतेक वेळा जात वेगळी म्हणून. मुलगी कोर्टात सांगते की मी स्वतःहून गेले, आणि तिचं कोणी ऐकत नाही. या धाग्यातल्या गावात मुलीचं 'नाही' मोजलं जात नव्हतं, तुमच्या ओळखीच्या घरात मुलीचं 'हो' मोजलं गेलं नाही. तो मुलगाही त्याच गोष्टीचा बळी आहे. तुम्ही त्याच्या बाजूने असाल तर या धाग्यावर आमच्याच बाजूने आहात, आवडो न आवडो.

---

माती_आणि_मी

मी गावात राहतो, शेती करतो. शहरी मंडळींना एक सांगतो, गावकी म्हणजे सगळी वाईटच असं नाही. मयताला, आगीला, पुराला गावच धावतं. त्यामुळेच गावाच्या विरोधात जाणं किती जड असतं ते बाहेरच्याला कळत नाही. पिठाच्या गिरणीवाल्याने दळण घेतलं नाही, शेताची वाट बंद केली, ट्रॅक्टरवाला आला नाही, एवढं पुरतं. हात उचलायची गरजच पडत नाही.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव योजना सुरू झाली. कल्पना चांगली होती. बांधाची, भावकीची भांडणं गावातच मिटवा, कोर्टात पिढ्या घालवू नका, तंटामुक्त झालात तर सरकारचं बक्षीस. आमच्याकडे खरोखर काही जुने दावे मिटले, मी बघितलंय. पण बक्षीस म्हटलं की आकडे आले, आणि आकडे आले की ठाण्यात नोंद होऊ नये अशी सगळ्यांचीच सोय. आमच्या समितीपुढे एकदा एका विधवा बाईच्या घरात रात्री शिरलेल्या माणसाचं प्रकरण आलं. हा काय समितीचा विषय आहे का? तरी बैठक झाली. त्याने सर्वांसमोर माफी मागितली, तिच्या पाया पडला, नारळ दिला. सगळे म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. नोंदवहीत 'तंटा मिटला' असं लिहिलं. मी तेव्हा समितीत नव्हतो, बघणाऱ्यांत होतो. ती बाई पुढच्या पावसाळ्याआधी घर बंद करून भावाकडे निघून गेली. तो माणूस अजून पारावर बसलेला असतो.

रानवाट ताईंनी विचारलंय, उत्तर काय देता. मी हल्ली एकच विचारतो: मिटलं म्हणजे कोणाचं मिटलं? त्यावर लोक चिडतात. पण दोन-तीन जण विचारात पडलेलेही बघितलेत.

---

साधा_माणूस

चित्रपटातल्या पुरुषांच्या उपक्रमाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे हे काम नवीन नाही. मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संघटना १९९३ पासून आहे, हरीश सदानी त्यातले. कॉलेजच्या पोरांबरोबर काम करतात, 'पुरुष स्पंदनं' नावाचा दिवाळी अंक काढतात. मी कॉलेजात असताना त्यांच्या एका शिबिराला गेलो होतो, खरं सांगायचं तर मित्राने जेवण चांगलं असतं म्हणून ओढून नेलं.

तिथे आम्हाला विचारलं होतं, तुम्ही शेवटचं कधी रडलात आणि कोणासमोर. पंचवीस-तीस पोरं, कोणालाही बोलता येईना. मग एकाने सुरुवात केली आणि रात्री दोनपर्यंत चाललं. त्याने आमचं आयुष्य पालटलं वगैरे म्हणणार नाही. त्यातल्या एकाने पुढे भरपूर हुंडा घेतला, लग्नाला मीही जेवून आलो. पण घरात कोणी बहिणीवर आवाज चढवला की मध्ये बोलायची सवय मला तिथून लागली. तो बाप डगमगतो आणि परत उभा राहतो, ते बघताना मला वाटलं की शिबिरांनी माणूस शूर होत नाही, पण एकदा बोलून बसलेलं असलं की मागे फिरायला जरा लाज वाटते. कार्यकर्ते एवढ्यावरच काम करत असावेत.

कडूकारले, तुम्ही चित्रपट बघा हो. तुमच्या आजोबांसाठी तरी.

---

कडूकारले

बघतो. बायकोने काल रात्रीच यादीत टाकलाय, धागा तीही वाचतेय. (ती इथली सभासद नाही, तिला आयडी काढू देऊ नका, माझं काही खरं नाही.)

---

झुळूक

मीही उरलेला अर्धा पूर्ण केला. शेवटाकडे कोर्टाच्या आवारात आई-बाप ज्या प्रकारे नुसते उभे असतात, ते बघून पहिल्या प्रतिसादातला राग जरा निवला. सगळा नाही.

@काळाकोट, कामाचा प्रश्न आहे. मी शाळेत शिकवते. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं त्यानंतर, ऑगस्ट २०२४ नंतर, आमच्याकडे समित्या झाल्या, तक्रारपेटी लागली, कॅमेरे लागले. पण स्टाफरूममधला सूर अजून तोच: काही कानावर आलं तर आधी मुख्याध्यापकांना सांगा, ते पालकांना बोलावतील, संस्थेशी बोलतील, मग बघू. समजा उद्या एखाद्या मुलीने मला विश्वासाने काही सांगितलं आणि वरून 'शाळेचं नाव जाईल, आपसात बघू' आलं, तर मी काय करायचं? पुरावा तर माझ्याकडे काहीच नसणार.

---

काळाकोट

@झुळूक, पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, तो पोलिसांनी करायचा. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याचं कळलं किंवा तो होईल अशी भीती जरी वाटली तरी प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायलाच हवं. मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही. त्यांना सांगितलं म्हणून तुमची जबाबदारी संपतही नाही. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट दडवली तर वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने दिलेली माहिती नंतर चुकीची निघाली तरी तुमच्यावर कारवाई होत नाही, हे कलम १९ मध्येच लिहिलंय. स्टाफरूममध्ये हे एकदा मोठ्याने वाचून दाखवा.

व्यवहारातलं सांगते. मुलीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहून ठेवा, स्वतःची भाषा मिसळू नका. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन तिला देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. तुझ्या मदतीसाठी कोणाकोणाला सांगावं लागेल ते तिला समजेल असं सांगा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथूनही सुरुवात होते. जबाब मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेशात नाही. ठाण्यात बोलावून बाकावर बसवून ठेवलं तर हे कलम २४ दाखवा. नोंद घ्यायला टाळाटाळ झाली तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या सरकारच्या मनोधैर्य योजनेचा अर्जही तिथूनच जातो.

शाळेतल्या बैठकीला माझी गरज असेल तर व्यक्तिगत निरोप करा, शनिवारी मोकळी असते.